तळ लागतो कुठे?

"तुझं बटण राखाडीच आहे गं," बाबा फोनवर म्हणाले. "पाच वेळा खालपर्यंत जाऊन आलो."

तेव्हा मी ज्या कंपनीत होते, तिच्या ॲपमध्ये आम्ही आदल्याच आठवड्यात एक नवा स्क्रीन आणला होता. अटी आणि शर्तींचा. मजकूर अगदी खालपर्यंत सरकवल्याशिवाय 'मला मान्य आहे' हे बटण उजळत नसे. मागणी कायद्याचं काम पाहणाऱ्या मंडळींची होती, कोड माझा. अर्ध्या दिवसाचं काम. आम्ही सहा जणांनी आपापल्या फोनवर तपासलं, सगळीकडे बटण उजळलं आणि नवी आवृत्ती लोकांपर्यंत गेली.

"तुम्ही नक्की शेवटपर्यंत गेला होतात ना?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत म्हणजे? वाचलंय मी सगळं. कलम ११ मध्ये 'वरील कलम ९ नुसार' म्हटलंय, तिथे ८ पाहिजे. ९ मध्ये त्यातलं काहीच नाही."

मी फाइल उघडून पाहिली. बाबांचं बरोबर होतं. ज्यांनी तो मजकूर लिहिला, ज्यांनी तपासला, आणि ज्या आम्ही सहा जणांनी तो अंगठ्याच्या एका फटक्यात खाली भिरकावला, त्यांतल्या कुणालाही ती चूक दिसली नव्हती. आमच्या फोनवर बटण दोन सेकंदांत उजळलं होतं. ज्या एका माणसाने तो मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचला, त्यालाच आमचं ॲप सांगत होतं की तुम्ही अजून शेवटाला पोचला नाहीत.

याला आता बरीच वर्षं झाली. यादीच्या शेवटाला माणूस पोचला हे कसं ओळखायचं, हा प्रश्न आमच्या कामात नवशिक्यांचा समजला जातो. चार ओळींचं उत्तर आहे, कुणीही देईल. मी मात्र त्या फोननंतर या चार ओळींकडे कधी सहज पाहू शकले नाही.

त्या शनिवारी बाबांच्या फोनला केबल जोडून बसले. फोनच्या लेखी शेवट म्हणजे एक बेरीज असते. मजकूर वरून किती सरकला, अधिक त्याचा किती भाग या घडीला दिसतोय; ही बेरीज मजकुराच्या एकूण उंचीइतकी झाली की तळ लागला. आयफोन असो, अँड्रॉइड असो की ब्राउझर, नावं बदलतात, बेरीज तीच. मी ती रिॲक्ट नेटिव्हमध्ये, म्हणजे एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींची ॲप्स बनवायच्या साधनात, लिहिली होती आणि अट घातली होती: बेरीज एकूण उंचीइतकी किंवा जास्त.

बाबांनी फोनमधली अक्षरं होतील तेवढी मोठी करून ठेवली आहेत. त्यामुळे तोच मजकूर त्यांच्याकडे कितीतरी लांब होतो. शिवाय त्यांच्या स्क्रीनची घनता २.६२५, म्हणजे कोडमध्ये आम्ही ज्याला एक एकक म्हणतो, तेवढ्या जागेत त्या काचेवर २.६२५ पिक्सेल बसतात. पिक्सेलांचा हिशेब अगदी चोख होता: ३१२४ सरकलेले, १७९४ दिसणारे, एकूण ४९१८. एकाचाही फरक नाही. पण माझ्या कोडच्या हाती पिक्सेल येतच नव्हते. येत होता तो प्रत्येक आकडा २.६२५ ने भागून. ४९१८ ला २.६२५ ने भागलं की येतात १८७३.५२३८ आणि त्यापुढे कधीच न संपणारे दशांश. संगणकाला ते कुठेतरी छाटावेच लागतात. तीन आकडे वेगवेगळे छाटले गेले आणि पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्यापेक्षा कणभर कमी भरली. एककाचा हजारावा भागसुद्धा नाही. बाबांचं बोट तळाला टेकलं होतं, माझी अट मात्र त्या कणासाठी अडून बसली होती.

उपाय सगळ्यांना माहीत असलेला. थोडी सूट द्यायची: तळापासून २० एककं उरली असतील तरी पोचलात असं समजायचं. ब्राउझरमध्येही जाणकार निदान एका पिक्सेलची सूट द्यायला सांगतात, कारण तिथे सरकलेलं अंतर अपूर्णांकात मिळतं आणि एकूण उंची मात्र पूर्णांकात गोल करून मिळते. बरोबरीचं चिन्ह शाळेत फार खात्रीचं वाटतं. स्क्रीनवर त्याच्या भरवशावर कुणाला अडवू नये.

ही सूट दिली आणि दुसरी चूक उघडी पडली, पहिलीच्या अगदी उलट. मोठ्या टॅबलेटवर सगळा मजकूर एकाच स्क्रीनमध्ये मावत होता. सरकवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून सरकल्याची खबर कोडपर्यंत कधी येत नव्हती, म्हणून बेरीज कधी होतच नव्हती. सगळं डोळ्यांसमोर असूनही बटण राखाडी. जिथे सरकायला जागा नाही तिथे शेवट पहिल्याच क्षणी आलेला असतो, हे मला सुचलं नव्हतं, कारण माझ्या मनात शेवट म्हणजे प्रवास करून गाठायची जागा होती. बोट हललं तरच विचारायचं, असं मी गृहीत धरलं होतं. खरं तर मजकुराची उंची मोजून झाली की लगेच एकदा विचारायला हवं, आणि उंची बदलली की पुन्हा.

उंची बदलते, आणि फार वेळा बदलते. चित्रं मागाहून येतात. चित्राची जागा आधीच राखून ठेवली नसेल तर माणूस तळाशी पोचतो न पोचतो तोच मधलं चित्र उतरतं, मजकूर ढकलला जातो आणि तळ पुन्हा दूर. मृगजळासारखं. फोन आडवा केला, कीबोर्ड वर आला, 'आणखी वाचा' दाबून एखादी ओळ उलगडली, की आधीची बेरीज शिळी झालीच म्हणायची. आयफोनवर तर तळाच्या पलीकडेही जाता येतं: यादी रबरासारखी ताणली जाते आणि बोट उचललं की परत येते. त्या ताणलेल्या क्षणी बेरीज एकूण उंचीपेक्षा जास्त असते. २०१७ मध्ये आयफोन टेन आला, त्याच्या तळाशी बोटाने ओढायच्या रेघेसाठी ३४ पॉइंटांची पट्टी सोडावी लागू लागली, आणि तीही हिशेबात धरावी लागली. अँड्रॉइडवर यादीलाच सरळ विचारता येतं, 'अजून खाली जाता येईल का?' ती 'नाही' म्हणाली की झालं. मला ही पद्धत सगळ्यात आवडते. बेरजेपेक्षा प्रश्न बरा.

त्याहून बरं म्हणजे उंचीच्या भानगडीत न पडता शेवटच्या ओळीवर नजर ठेवणं. ती दिसली का, एवढंच पाहायचं. ब्राउझरमध्ये २०१६ पासून त्यासाठी वेगळी सोय आहे: यादीच्या तळाशी एक रिकामा घटक ठेवायचा आणि तो नजरेच्या टप्प्यात आला की ब्राउझरच हाक मारतो. मोबाइलवरच्या नव्या पद्धतींतही कुठल्या क्रमांकाची ओळ दिसतेय हे विचारता येतं. पाहू न शकणारी माणसं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरवर एकेक ओळ ऐकत पुढे जातात, तेव्हा त्यांच्या बोटाने यादी ओढलेलीच नसते. बोटाच्या ओढीवर बेतलेला हिशेब त्यांच्यापाशी कोलमडतो. ओळीवर बेतलेला बहुधा टिकतो.

इथपर्यंत सगळं हस्तकौशल्याचं. मन लावून केलं तर जमतं, आणि मला ते मनापासून आवडतं. मला छळणारी गोष्ट पुढची आहे.

त्या स्क्रीननंतर माझ्याकडे फीडचं काम आलं. एकाखाली एक नोंदी, सरकवत राहायच्या. इथेही शेवट ओळखायचा, पण हेतू वेगळा. अटींच्या स्क्रीनवर शेवट गाठायला लावायचं होतं. फीडमध्ये तो येऊच द्यायचा नव्हता. पुढच्या नोंदी सर्व्हरकडून यायला वेळ लागतो; माणूस तळाला पोचल्यावर मागवल्या तर त्याला गोल फिरणारं चक्र बघत थांबावं लागतं. म्हणून आधीच मागवतात. रिॲक्ट नेटिव्हच्या यादीत त्यासाठी एक उंबरठा ठरवता येतो. तो ०.५ ठेवला तर तळ अजून दिसणाऱ्या भागाच्या निम्म्या अंतरावर असतानाच खबर मिळते. २ ठेवला तर दिसणाऱ्या भागाच्या दुप्पट अंतर आधी.

त्या उंबरठ्यावर मी किती आठवडे घालवले! फार लहान ठेवला की चक्र दिसतं. फार मोठा ठेवला की कुणी पहिल्या चार नोंदी पाहून निघून गेलं तरी पुढच्या चाळीस उतरलेल्या असतात, डेटा आणि बॅटरी फुकट. एकच खबर दोनदा येते, मग त्याच वीस नोंदी दोनदा मागवल्या जातात. त्यासाठी 'मागणी चालू आहे' अशी खूण ठेवावी लागते, आणि मागणी फसली तर ती खूण काढायलाही विसरायचं नाही, नाहीतर यादी तिथेच कायमची गोठते. पानांचा हिशेब क्रमांकाने ठेवला तर आणखी एक गंमत होते: मी पहिल्या २० नोंदी वाचत असताना वर एक नवी नोंद आली, की सगळ्या एकेक पायरी खाली सरकतात आणि विसावी नोंद दुसऱ्या पानावर एकविसावी म्हणून पुन्हा भेटते. म्हणून 'दुसरं पान द्या' असं मागण्याऐवजी 'या नोंदीच्या पुढचं द्या' असं मागावं. हे सगळं मी शिकले, नीट बसवलं. बोट कितीही वेगाने फिरवा, चक्र दिसत नव्हतं. सहकाऱ्यांनी कौतुक केलं आणि मला ते हवंही होतं.

एका रात्री झोपण्याआधी मी तेच फीड चाळत होते. तपासायला म्हणून उघडलं होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मध्येच लक्षात आलं की माझा अंगठा तळ शोधतोय. कुठेतरी थांबा यावा, म्हणजे फोन ठेवता येईल, एवढंच त्याला हवं होतं. आणि तो थांबा मीच काढून टाकला होता. माझं काम जितकं चांगलं, तितका तो थांबा माणसाच्या नजरेआड. शेवट अचूक ओळखायचा तो अशासाठी, की माणसाच्या आधी तिथे पोचून तो उचलून पुढे ठेवता यावा.

न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना घडवणाऱ्यांत एझा रॅस्किन यांचं नाव घेतलं जातं. २००६ मध्ये त्यांनी ती बांधली तेव्हा हेतू साधा होता: माणसाला 'पुढचं पान' दाबायला का लावायचं, त्याला आणखी हवंय हे खाली सरकण्यातूनच कळतंय की. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. मला ते वाचून त्यांचा राग आला नाही. चांगल्या कारागिराला अडथळा दिसला की तो काढावासा वाटतो. मीही तेच केलं होतं. 'पुढचं पान' हे बटण आम्हांला अडथळा वाटलं. ते एक विचारणंही होतं: आणखी वाचायचंय का? उत्तर 'नाही' असू शकत होतं. उंबरठा मोठा केला की ते विचारणंच बंद होतं.

काहींनी पावलं मागेही घेतली. २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने गेल्या दोन दिवसांतलं सगळं पाहून झालं की तसं सांगणारी खूण फीडमध्ये आणली. गूगलने शोधाच्या निकालांत न संपणारं सरकणं २०२१ मध्ये मोबाइलवर आणि २०२२ मध्ये संगणकावर सुरू केलं, आणि २०२४ मध्ये ते काढून घ्यायला सुरुवात केली. पानं परत आली. कारणं प्रत्येकाची आपापली असतील. मला एवढंच दिसतं की तळ परत बांधता येतो, आणि तो बांधला म्हणून काही कोसळत नाही.

आमच्या फीडमध्ये तो बांधायचं मी सुचवलं. बैठक लांबली. 'लोक निघून जातील' हा एकच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. मी म्हटलं, निघून जाऊ देत, उद्या येतील. तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटला: "पण ताई, शेवट आला हे फोनला कळणार कसं?" बरोबर होतं त्याचं. फोनला फक्त त्याच्याजवळ जे आहे त्याचा तळ कळतो. जगात याहून पुढे काही आहे की नाही, हे सर्व्हरलाच ठाऊक. सर्व्हरने 'यापुढे काही नाही' असं स्पष्ट म्हणायला हवं, आणि आमच्या सर्व्हरला तसं म्हणता येतच नव्हतं. नव्या नोंदी संपल्या की तो जुन्या देई, जुन्या संपल्या की 'तुम्हांला आवडेल असं'. 'नाही' हे उत्तर कुणी लिहिलंच नव्हतं. आधी ते लिहिलं. त्याला दोन दिवस लागले. मग तळाशी एक ओळ आली: 'नवं इतकंच होतं.' तिच्याखाली मोकळी जागा, आणि त्याखाली जुन्या नोंदींकडे नेणारा एक दुवा, हवा असेल तर दाबा. ही ओळ पहिल्यांदा माझ्या फोनवर उमटली तेव्हा मला खोलीत खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

अटींच्या स्क्रीनचं काम मात्र तोवर तसंच पडून होतं. २० एककांची सूट दिली होती, टॅबलेट सुधारला होता, बाबांचं बटण उजळलं होतं. तरी ती सक्ती मला बोचत होती. माणसाला खाली सरकायला लावून आम्ही नेमकं काय मिळवत होतो?

कायद्याच्या मंडळींशी बोलताना त्यांनी मला एका अमेरिकी खटल्याबद्दल सांगितलं: स्पेक्ट विरुद्ध नेटस्केप, २००२. नेटस्केपच्या पानावर एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं बटण होतं. परवान्याच्या अटींचा उल्लेख त्या बटणाच्या खाली, पुढच्या स्क्रीनवर. खाली सरकल्याशिवाय तो दिसत नव्हता, आणि बटण दाबायला खाली सरकायची गरज नव्हती. लोकांनी दाबलं. पुढे वाद झाला तेव्हा कंपनीचं म्हणणं, अटी मान्य करूनच त्यांनी घेतलं. अपील न्यायालयाने ते मानलं नाही. ज्या अटी नजरेच्या टप्प्यात नव्हत्या त्यांना या लोकांनी संमती दिली असं म्हणता येत नाही, असा निकाल दिला. तो लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

माणसाने खाली सरकावं की नाही यावर एक न्यायालय इतक्या गांभीर्याने विचार करून गेलं, हे ऐकून मला बरं वाटलं. त्या निकालातून आमच्या मंडळींनी घेतलेला अर्थ असा: लोकांना तळापर्यंत आणायलाच हवं. मी तो वेगळा घेतला. अटी दिसायला हव्यात. त्या दाखवणं हे आमचं काम. अंगठ्याने किती अंतर कापलं याची नोंद म्हणजे वाचल्याचा पुरावा नव्हे. आमच्याच नोंदी मी त्यांच्यासमोर ठेवल्या: ११ कलमांचा मजकूर माणसं काही सेकंदांत पार करत होती. खाली सरकण्याच्या सक्तीने त्यांना वाचायला लावलं नव्हतं, फक्त पळायला लावलं होतं. आणि वाचणाऱ्या एकाला दारात उभं केलं होतं.

ते ऐकून एक वकीलबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आपण मजकूरच लहान करू या." मला हे सुचलं नव्हतं. ११ कलमांची ६ झाली. प्रत्येकावर साध्या भाषेतली एक ओळ आली: तुमची माहिती कुणाला दिली जाते, पैसे कधी परत मिळतात, खातं बंद कसं करायचं. बटण पहिल्या क्षणापासून उजळलेलं, पण शेवटच्या कलमाच्या खाली, त्याच्या जागेवर. मोठी अक्षरं ठेवणाऱ्याला ते थोडं उशिरा भेटतं, एवढंच. बेरीज करणारा माझा तो चार ओळींचा कोड मी काढून टाकला.

ही मोठी दुरुस्ती यायच्या कितीतरी आधी, त्या पहिल्या शनिवारी रात्री, मी घाईने एक छोटी आवृत्ती पाठवली होती. तिच्या नोंदीत दोन ओळी होत्या. 'काही फोनवर संमतीचं बटण उजळत नव्हतं, ते दुरुस्त केलं.' आणि 'कलम ११ मधला संदर्भ ९ ऐवजी ८ केला.' पाठवून झाल्यावर फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बटणाकडे पाहिलंही नाही, आणि पहिल्या कलमापासून पुन्हा वाचायला लागले.